घर घेण्याआधी घराची तब्येत तपासा



आपल्यापैकी अनेक कुटुंबांत स्वतःच्या नावावर पक्के घर होणे ही पहिल्याच पिढीची गोष्ट आहे. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, आईचे दागिने, भिशीचे पैसे आणि वर वीस वर्षांचे कर्ज एवढे सगळे एकत्र आले, तर कुठे एक बेडरूमचा जुना फ्लॅट हाती येतो. एवढ्या मोठ्या व्यवहारात आपण काय काय तपासतो? वकील मालकी हक्काचा सर्च घेतात. बँक आपला माणूस पाठवून घराची किंमत काढते. सोसायटी ना हरकत दाखला देते. कागद सगळे तपासले जातात. ज्या भिंतींच्या आत आपली मुले झोपणार, म्हातारे आईवडील राहणार, त्या भिंती मात्र कोणीच तपासत नाही.

बँकेचे व्हॅल्युएशन झाले म्हणजे घर चांगले आहे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कर्ज बुडाले तर घर विकून पैसे वसूल होतील का, एवढाच बँकेचा प्रश्न असतो. मागच्या भिंतीला ओल आहे का, बाथरूममध्ये गॅस गिझर कोंडलेला आहे का, टाकीचे पाणी पिण्यालायक आहे का, हे पाहणे त्या माणसाचे काम नव्हे. ते काम आपले आहे, आणि त्याला घराची स्थिती-तपासणी म्हणतात. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की घरातील अनेक आजारांचे मूळ भिंतीत, छतात आणि नळात असते.

ही तपासणी म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये जुने घर घेताना अनेक जण व्यवहार पक्का होण्याआधी स्वतःचा सर्व्हेअर नेमतात. तेथील चार्टर्ड सर्व्हेअर लोकांच्या संस्थेने अशा तपासणीचे तीन स्तर ठरवले आहेत. साध्या घराला पहिला, जुन्या किंवा फेरफार केलेल्या घराला तिसरा. अहवालात घराच्या प्रत्येक भागाला सिग्नलच्या दिव्यासारखा रंग दिलेला असतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दुरुस्ती लागेल, लाल म्हणजे ताबडतोब लक्ष द्या.

आपल्याकडे घर घेणाऱ्यांमध्ये ही पद्धत अजून रुजलेली नाही. पण ते काम करू शकणारे लोक आहेत. स्थापत्य अभियंते आहेत, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, मोठ्या शहरांत घर-तपासणी करणाऱ्या संस्थाही आहेत. दोन गोष्टी मात्र पाळा. तपासणारा माणूस आपण निवडलेला असावा. एजंटने किंवा विकणाऱ्याने आणलेला नको. आणि तपासणी इसार देण्याआधी व्हावी. एकदा इसारपावती झाली की आपले हात बांधले जातात.

तपासणाऱ्याला घरातील माणसांविषयी आधी सांगा. मुलाला दमा आहे, आईचे गुडघे दुखतात, घरात क्षयरोगाचे औषध चालू असलेला रुग्ण आहे, बाळ येणार आहे. डॉक्टरला आपण पूर्वीचे आजार सांगतो, तसेच हे. कोणत्या गोष्टीकडे जास्त बारकाईने पाहायचे, हे त्यावरून ठरते.

ओल: सर्वांत आधी पाहायची गोष्ट

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओल असलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाचे संसर्ग यांचा धोका जास्त असतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ओलसर भिंतीवर वाढणारी बुरशी आपले सूक्ष्म कण हवेत सोडते आणि ते श्वासाबरोबर आत जातात. औषध चालू असूनही मुलाचा दमा दर पावसाळ्यात उसळत असेल, तर औषधाबरोबर भिंतही पाहायला हवी.

ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून वर चढणारी ओल तळमजल्यावर दिसते; भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पोपडे निघतात, पांढरा खार फुटतो. बाहेरून येणारी ओल पावसाच्या माऱ्याकडील भिंतीवर, खिडकीच्या खाली आणि छज्जाच्या सांध्यात दिसते. तिसरी वरच्या घराच्या मोरी-संडासातून झिरपते आणि आपल्या छताला डाग पाडते. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. म्हणून अहवालात "ओल आहे" एवढेच लिहून चालत नाही. ओल कुठून येते, हे लिहिलेले हवे.

नुकताच रंग दिलेले घर दिसले तर आनंदाबरोबर थोडी शंकाही येऊ द्या. संपूर्ण घर जुने आणि एकच भिंत ताजी रंगवलेली, तर ती भिंत आधी पाहा. कपाटे सरकवून मागे पाहा. बंद घर उघडल्याबरोबर कुबट वास येतो का, ते पाहा; अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर लावण्याआधी. जमल्यास घर जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात पाहावे. उन्हाळ्यात गळके छतसुद्धा कोरडेच असते.

तडे आणि सळ्या: जिवाचा प्रश्न

सगळे तडे सारखे नसतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषा बहुतेक घरांत असतात. काही तड्यांची मात्र काळजी केली पाहिजे. खांबात उभा किंवा तुळईत तिरपा गेलेला तडा, खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला नाणे जाईल एवढा रुंद झालेला तडा. आणि सर्वांत वाईट म्हणजे ज्यातून गंजाचा तांबूस डाग उतरतो तो.

काँक्रीटच्या आतली सळई गंजली की तिचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो, ढलप्या पडतात, सळई उघडी होते आणि आणखी वेगाने गंजते. मुंबई, ठाणे, रत्नागिरीसारख्या समुद्राजवळच्या भागात खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडते. वरून सिमेंटचा थर देऊन रंग मारला, तर रोग झाकला जातो, बरा होत नाही.

अभियंता यासाठी काही चाचण्या करतो. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा कळतो. ध्वनिलहरी सोडून आतील पोकळ्या आणि भेगांचा अंदाज येतो. काँक्रीटच्या ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचे रसायन टाकले तर चांगले काँक्रीट गुलाबी होते. रंग आला नाही तर समजावे, की त्या थराने सळईला गंजापासून वाचवण्याची ताकद गमावली आहे.

विदर्भ-मराठवाड्यात प्लॉटवरचे स्वतंत्र घर घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तेवढा खोल आणि मजबूत नसेल तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खचते. दारे पावसाळ्यात घट्ट बसू लागली, भिंतीचे तडे उन्हाळ्यात रुंदावले, तर पायाची चौकशी करा.

इमारतीत दुसऱ्या कोणी काय तोडफोड केली आहे, हेही विचारा. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर कितीही चकाचक असो, खालचा खांब कापला गेला असेल तर त्याचा उपयोग नाही.

हवा, उजेड आणि बाथरूम

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश एवढ्या खिडक्या-झरोके कोरड्या उष्ण हवामानात असावेत. दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश. म्हणजे कोकणपट्टीत १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडी जागा हवी. टेपने मोजा. आणि ती खिडकी खरोखर मोकळ्या हवेत उघडते का, की शेजारच्या इमारतीच्या अंधाऱ्या डक्टमध्ये, तेही पाहा. क्षयरोग हवेतून पसरतो. कोंदट खोलीत एका रुग्णापासून घरातील इतरांना लागण होण्याचा धोका वाढतो. खेळती हवा हा औषधाचा पर्याय नाही, पण औषधाइतकाच गरजेचा सोबती आहे.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? त्याला बाहेर हवा सोडणारा पाइप आहे का? झरोका कायम उघडा राहतो का? बंद बाथरूममध्ये गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि दार आतून बंद असते. असा गिझर घराबरोबर "फुकट" मिळत असेल, तर तो काढूनच घर घ्या.

बाथरूमची फरशी ओली करून चालून पाहा. घसरते का? उंबरठा केवढा आहे? जिन्याला कठडा आहे का? लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथा मजला स्वस्त मिळतो, पण आणखी दहा वर्षांनी आई तो चढू शकेल का, हे आजच ठरवायचे आहे.

पाणी, वीज आणि रंग

गच्चीवरची आणि जमिनीखालची पाण्याची टाकी स्वतः पाहा. झाकण घट्ट बसते का? शेवटची कधी धुतली? खालच्या टाकीजवळून सांडपाण्याची वाहिनी किंवा सेप्टिक टँक गेलेला आहे का? टाकीत सांडपाणी झिरपले तर कावीळ, विषमज्वर, जुलाब एकाच वेळी साऱ्या इमारतीत पसरतात. आणि उघड्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. बोअरवेलचे पाणी असेल तर शासकीय किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त सापडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी मुलांचे दात आणि पुढे हाडे बिघडतात.

विजेच्या बाबतीत इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी विचारा. अर्थिंग चालू आहे का? ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला आहे का? वायरिंग किती जुने आहे? ओल्या भिंतीत जुनी वायर म्हणजे भिंतीला हात लावताच झटका.

जुन्या घराच्या दारे-खिडक्यांवरील ऑइलपेंटकडेही लक्ष द्या. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. असा रंग कोरडा घासू नका; पाण्याने ओला करून काढावा आणि तेव्हा मुले व गरोदर स्त्री घरात नसावी. तीच काळजी सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू श्वासात गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. शाबूत पत्र्यापेक्षा कापलेला, छिद्र पाडलेला, फुटलेला पत्रा जास्त धोक्याचा असतो.

सोसायटीकडून मागायचे कागद

महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मुंबईत महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. शेवटचा अहवाल मागा. मुंबईत इमारतींची वर्गवारी अशी असते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सेक्रेटरी अहवाल दाखवायला टाळाटाळ करत असतील, तर तीही एक माहितीच समजा.

अहवाल हाती आल्यावर

अहवाल वाचून घाबरायचे नाही आणि कपाटातही ठेवायचा नाही. प्रत्येक दोषापुढे चार गोष्टी लिहून घ्या: कारण काय, आरोग्याला धोका काय, खर्च किती, दुरुस्ती कोणी करायची.

समजा, अहवालात लिहिले आहे की वरच्या मोरीतून गळती आहे आणि वायरिंग बदलावे लागेल. मग आपल्यापुढे तीन रस्ते असतात. विकणाऱ्याने दुरुस्ती करून द्यावी आणि ती पुन्हा तपासावी. किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी व्हावी. किंवा दोष मोठा असेल तर घर सोडून द्यावे. घर सोडले म्हणजे तपासणीची फी वाया गेली असे मानू नका. वीस वर्षांच्या कर्जापुढे आणि लेकराच्या छातीपुढे ती फी फार लहान आहे.

कायद्याचाही आधार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. साधारण काळजी घेतली असती तर दिसला असता, असा दोष आपल्याच गळ्यात पडतो. म्हणून विकणाऱ्याला प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. नवीन घराच्या बाबतीत रेराचा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे नवीन फ्लॅटचा ताबा घेतानाही तपासणी करा आणि दोषांची यादी तारखेसह बिल्डरला द्या.

तपासणीच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. अभियंता फरशी उखडत नाही, भिंत फोडत नाही. जे दिसते आणि उपकरणाला कळते तेवढेच तो सांगतो. जे पाहता आले नाही त्याची नोंद अहवालात असते. ते पानही वाचा.

फी परवडत नसेल तर

निदान एक तास स्वतःचा द्या. घर दोनदा पाहा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. बरोबर मोबाइलचा टॉर्च, टेप, एक गोटी, एक नाणे आणि बादली घ्या.

१. टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरा. फुगवटे आणि पोपडे सावलीत उठून दिसतात.
२. नाण्याने फरशी आणि गिलावा ठोकत जा; पोकळ आवाज आला तिथे आत पकड सुटलेली आहे.
३. जमिनीवर गोटी ठेवा. एकाच दिशेला वेगाने पळत असेल तर कारण विचारा.
४. मोरीत बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे जाते की दाराकडे येते, ते पाहा.
५. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहा. फ्लश ओढून पाहा.
६. गच्चीवर जा, टाकीचे झाकण उघडायला सांगा.
७. खालच्या आणि वरच्या घरातील ताईंना विचारा, "पावसाळ्यात काय त्रास होतो?" खरी माहिती बहुधा तिथेच मिळते.

जे दिसेल त्याचे फोटो तारखेसह ठेवा. खांब, तुळई किंवा छतात गंज, ढलप्या, मोठे तडे दिसले, तर मात्र स्वतः निर्णय घेऊ नका. अभियंत्याला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. वस्तीत, विहारात, नात्यात स्थापत्य शिकलेली मुले-मुली आता आहेत. चार कुटुंबांनी मिळून त्यांना बोलावले तरी सुरुवात होते.

मुलीचे स्थळ पाहताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. घराचीही तशीच चौकशी करू या. इसाराची रक्कम खिशात आहे तोवर प्रत्येक प्रश्न विचारता येतो. ती दिल्यानंतर जे निघेल, ते आपल्याला घरभर सोसावे लागते.